इटलीच्या गोड पांढऱ्या वाइन आणि तिथली मूळची द्राक्षे

रानवारा
विभाग : खानपान

गोड वाइन ही नवख्यांची आणि ड्राय वाइन ही जाणकारांची, असे मत आपल्याकडच्या वाइनप्रेमी मंडळींत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. मला ते मुळीच मान्य नाही, आणि का मान्य नाही हे नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे वेरोनात राहत होतो. त्या काळात ईशान्य इटलीतल्या गोड पांढऱ्या वाइन कशा तयार होतात हे जवळून पाहता आले, त्यामुळे या लेखाचा भरही त्याच भागावर आहे. इटलीच्या इतर भागांविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनी प्रतिसादांत अवश्य भर घालावी.

आपल्याकडे गोड वाइन म्हणून जी पहिल्यांदा चाखली जाते ती बहुतेक वेळा स्वस्त असते आणि तिच्यातला गोडवा वरून घातलेल्या साखरेचा असतो. इटलीत वाइनचा कस वाढवण्यासाठी उसाची किंवा बीटची साखर रसात घालण्यास कायद्याने बंदी आहे. मी ज्या वाइनविषयी लिहितो आहे त्यांतला गोडवा संपूर्णपणे द्राक्षाचा असतो. यीस्ट द्राक्षरसातली साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते, आणि एका लिटरमधली साधारण १७ ग्रॅम साखर संपली की अल्कोहोल एक टक्क्याने वाढते. सगळी साखर संपली तर वाइन ड्राय होते. ती गोड राहावी असे वाटत असेल तर एक तर आंबण्याची क्रिया मध्येच थांबवावी लागते, नाही तर रसात मुळातच इतकी साखर असावी लागते की यीस्टची ताकद संपली तरी साखर शिल्लक राहील. दुसऱ्या मार्गासाठी द्राक्षे वेलीवर किंवा काढणीनंतर सुकवतात, आणि अशा वाइनला इटलीत ‘पास्सितो’ म्हणतात.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. कोणत्या गावाने कोणता मार्ग धरला हे तिथे वाढणाऱ्या द्राक्षाच्या जातीने ठरवले आहे. साल जाड की पातळ, घड मोकळा की गच्च, पिकल्यावरही आंबटपणा टिकतो की उतरतो, सुगंध ताज्या फळात आहे की सुकल्यावर येतो, या गोष्टी शेकडो वर्षे पाहून लोकांनी पद्धती बसवल्या. इटलीच्या राष्ट्रीय नोंदवहीत वाइनच्या पाचशेहून अधिक द्राक्षजाती आहेत. त्यांतल्या कित्येक जाती एखाद्या खोऱ्यापुरत्याच उरल्या आहेत, आणि गोड वाइन होते म्हणूनच त्या टिकल्या आहेत.

वेरोनाच्या पूर्वेला सोआवे आणि मोंतेफोर्ते दाल्पोने या गावांच्या टेकड्यांवर गार्गानेगा नावाचे द्राक्ष होते. हिची ड्राय वाइन ‘सोआवे’ या नावाने जगभर विकली जाते, पण गावातले जुने लोक अभिमानाने पुढे करतात ती ‘रेचोतो दि सोआवे’ ही गोड वाइन. १९९८ मध्ये तिला डीओसीजी, म्हणजे इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला, आणि वेनेतो प्रांतात हा मान मिळवणारी ती पहिली वाइन ठरली. गार्गानेगाचे घड लांब आणि मोकळे असतात, मणी एकमेकांना दाबत नाहीत, साल चिवट असते आणि फळ उशिरा पिकते. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून काढलेले निवडक घड पुढे चार-पाच महिने न सडता सुकू शकतात. घडाच्या वरच्या बाजूला फुटणाऱ्या दोन छोट्या शाखांना ऊन जास्त मिळते, म्हणून पूर्वी रेचोतोसाठी खास त्याच शाखा काढून घेत.

घड सुकवण्याच्या माळ्याला ‘फ्रुत्तायो’ म्हणतात. मोंतेफोर्तेमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या माळ्यावर मला डिसेंबरात जायला मिळाले. दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग होती, आणि धुके उतरले की त्या बंद करायच्या, कोरडा वारा सुटला की उघडायच्या, हे काम घरातल्या आजी स्वतः पाहत. लाकडी चौकटींवर घड एकेरी थरात मांडलेले होते आणि सोनेरी मणी तपकिरी होऊन सुरकुतू लागले होते. आजी हातात लहान कात्री घेऊन प्रत्येक घड उचलून खालून पाहत होत्या, आणि ओली, चिकट बुरशी आलेला मणी शेजारच्या मण्याला न दुखवता कापून टाकत होत्या. कोरडी राखाडी बुरशी असलेले काही मणी मात्र त्यांनी तसेच ठेवले. ही बोट्रायटिस बुरशी कोरड्या हवेत मण्यातले पाणी कमी करते आणि वाइनला मध-केशरासारखा वास देते. ओलावा वाढला तर तीच सगळा घड खाऊन टाकते. सुकण्याच्या या काळात द्राक्षाचे वजन तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते. साखरेबरोबर आम्लही दाट होते, आणि म्हणूनच चांगल्या रेचोतोचा घोट गोड असूनही जड लागत नाही. शेवटी जिभेवर सुक्या जर्दाळूचा आंबटपणा आणि गार्गानेगाचा किंचित कडवट बदामी स्वाद राहतो.

ही पद्धत फार जुनी आहे. सहाव्या शतकात गॉथ राजांचा मंत्री असलेल्या कासिओदोरसने वेरोनाच्या वाइनची मागणी करणारे पत्र लिहिले, त्यात द्राक्षे टांगून हिवाळ्यापर्यंत सुकवण्याचे वर्णन आहे आणि तांबड्याबरोबर पांढऱ्या वाइनचाही उल्लेख आहे. गार्गानेगाविषयी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सिसिलीत ‘ग्रेकानिको दोरातो’ म्हणून ओळखली जाणारी जात आणि गार्गानेगा या एकच आहेत, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झाले आहे. एकच वेल देशाच्या दोन टोकांना दोन नावांनी नांदते, आणि सुकवण्याची परंपरा मात्र तिच्याभोवती उत्तरेतच रुजली, कारण दक्षिणेत त्या कामासाठी मस्कत आणि माल्वाझिया या द्राक्षजाती हाताशी होत्या.

पूर्वेकडे फ्रिउलीत गेले की पिकोलित भेटते. या जातीची फुले नीट फळत नाहीत, त्यामुळे एका घडात जेमतेम पंधरा-तीस मणी धरतात. वेल आपली सगळी साखर त्या थोड्या मण्यांत ओतते. अठराव्या शतकात फाब्यो आस्क्वीनी या उमरावाने ही वाइन मुरानो काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून युरोपातल्या राजदरबारांना पाठवली आणि तिचे नाव केले. पुढे ती जवळजवळ नामशेष होत आली होती. रोक्का बेर्नार्दा येथील पेरुझिनी घराण्याने वेली निवडून जपल्या म्हणून ती वाचली, आणि २००६ मध्ये तिला डीओसीजी मिळाली. त्याच प्रांतात रामांदोलो या डोंगरउतारावर वेर्दुत्सो नावाचे द्राक्ष होते. पांढरे द्राक्ष असूनही तिच्या सालीत टॅनिन भरपूर असते, त्यामुळे ड्राय वाइन तुरट लागते. गोड केली की तोच तुरटपणा गोडव्याला आवर घालतो. रामांदोलोला २००१ मध्ये फ्रिउलीतली पहिली डीओसीजी मिळाली, आणि किमतीचा विचार करता माझी पहिली शिफारस तीच राहील.

ब्रेगांझेची ‘तोर्कोलातो’ आणि त्रेंतिनोची ‘व्हिनो सांतो’ यांचाही उल्लेख केला पाहिजे. पहिली वेस्पायोला द्राक्षाची. तिचे घड सुतळीच्या पिळात गुंतवून तुळयांना टांगतात. दुसरी नोझियोलाची, गार्दा सरोवरावरून दुपारी येणाऱ्या ‘ओरा’ वाऱ्यावर तिचे घड ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहापर्यंत सुकतात, आणि शंभर किलो द्राक्षांतून पंधरा-वीस लिटरच रस निघतो.

—

किनारा

अतिशय अभ्यासपूर्ण लेख. गैरसमजाविषयी आपण लिहिले ते आम्हा गोव्यातल्या लोकांना विशेष पटेल. इथे पिढ्यान् पिढ्या गोड ‘पोर्ट’ लग्नात, नाताळात आणि बाळंतिणीच्या खोलीतही आली, आणि स्वस्त मिळाल्याने पर्यटकांनी ती बाटल्यांनी नेली. त्यामुळे ‘गोड’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द लोकांच्या मनात एकत्र बसले. आता परदेशी वाइन दुकानात दिसते, पण लेबल वाचता येत नाही. इटालियन बाटलीवरून ती गोड आहे की नाही आणि गोडवा कशाने आला, हे कसे ओळखावे?

—

रानवारा

किनारा, साध्या, बुडबुडे नसलेल्या वाइनवर ‘सेक्को’ लिहिले असेल तर ती ड्राय. ‘आब्बोक्कातो’ म्हणजे गोडसर, लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘आमाबिले’ म्हणजे मध्यम गोड, ४५ ग्रॅमपर्यंत. त्यापुढे ‘दोल्चे’. ‘पास्सितो’ म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची, आणि ‘वेंदेम्म्या तार्दीवा’ म्हणजे वेलीवरच उशिरापर्यंत ठेवून काढलेल्या द्राक्षांची. मात्र ‘लिकोरोझो’ हा शब्द दिसला तर थांबून विचार करावा. अशा वाइनमध्ये बाहेरून अल्कोहोल घालून आंबणे थांबवलेले असते. मार्सालासारख्या काही वाइनची ती प्रतिष्ठित पद्धत आहे, परंतु स्वस्त ‘व्हिन सांतो लिकोरोझो’ ही अस्सल व्हिन सांतोची (फ्लोरेन्सच्या तोस्काना प्रांतातली गोड वाइन, त्रेंतिनोच्या व्हिनो सांतोहून वेगळी) सावलीसुद्धा नसते. अल्कोहोलचा आकडाही पाहावा. ५ ते ६ टक्के असेल तर आंबणे थंडीने थांबवलेले आहे, १३-१४ टक्के असेल आणि ‘पास्सितो’ लिहिले असेल तर द्राक्षे सुकवलेली आहेत.

—

बेदाणा_शेड

रानवारा साहेब, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. वाइनचा अनुभव नाही, पण सुकवण्याच्या कामात हयात गेली, म्हणून विचारतो. आमच्याकडे थॉमसन, माणिक चमन, सोनाका अशा जातींचा बेदाणा होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि शेडमधल्या जाळीवर, सावलीत, पंधरा दिवसांच्या आसपास माल तयार होतो. न बुडवता टाकला तर फार वेळ लागतो आणि रंग काळपट येतो. इटलीत चार-पाच महिने सुकवतात असे आपण लिहिता, तर ते लोक डिपिंग करतात का? आणि आमच्या थॉमसनपासून अशी वाइन होईल का?

—

रानवारा

दादा, आपला प्रश्न नेमका आहे. पास्सितोसाठी डिपिंग करत नाहीत, कारण तिथे सावकाश सुकणे हाच उद्देश असतो. मणी तोडल्यावरही बरेच दिवस जिवंत असतो. हळूहळू पाणी जाताना त्याच्या आत सुगंधी द्रव्ये बदलत राहतात आणि सालीतले घटक गरात उतरतात. बेदाण्यात आपण ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास आणतो. पास्सितोसाठी त्याच्या बऱ्याच आधी थांबतात, कारण दाबल्यावर रस निघाला पाहिजे.

आपल्या हवामानाशी जवळचे उदाहरण उत्तर इटलीत सापडणार नाही, त्यासाठी पांतेल्लेरिया बेटावर जावे लागेल. हे ज्वालामुखीचे बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे. पाऊस कमी आणि वारा इतका की वेल उंच वाढवणे अशक्य. म्हणून जमिनीत खोलगट आळे करून त्यात वेल लावतात आणि छाटून बुटक्या झुडपासारखी ठेवतात. वारा वरून जातो आणि पहाटेचा ओलावा आळ्यात राहतो. या लागवडीला ‘अल्बेरेल्लो’ म्हणतात आणि २०१४ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथले द्राक्ष झिबिब्बो, म्हणजे मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया. ऑगस्टमध्ये घड काढून उघड्या उन्हात, वाऱ्यावर तीन-चार आठवडे सुकवतात. नंतर सप्टेंबरात ताज्या झिबिब्बोचा रस आंबायला ठेवतात आणि त्यात सुकलेले मणी देठ काढून थोडे थोडे सोडत जातात. मणी आपली साखर आणि सुगंध सावकाश रसात सोडतात. ‘पास्सितो दि पांतेल्लेरिया’ ही अशी होते.

थॉमसनविषयी माझे मत प्रतिकूल आहे. साखर तिच्यात भरपूर येते, परंतु पिकल्यावर आम्लता उतरते आणि स्वतःचा सुगंध जवळजवळ नसतो. सुकवल्याने जे आहे तेच दाट होते. जे नाही ते येत नाही. आपल्याकडे शेनिन ब्लाँसारख्या आम्लता राखणाऱ्या जातीची उशिरा काढलेली गोड वाइन नाशिकला सुलाने केली आहे, आणि मला ती दिशा अधिक आशादायक वाटते.

—

पो_काठ

मी तोरिनोला राहतो. या धाग्यावर आमच्या पिएमोंते प्रांताचा विषय निघाला नाही, तर तो अपुरा राहील. रानवारा यांनी आंबणे मध्येच थांबवण्याचा जो पहिला मार्ग सांगितला, त्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे ‘मोस्कातो दास्ती’.

मोस्कातो ब्यांको या द्राक्षाचा सुगंध ताज्या फळातच असतो. लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी जी द्रव्ये तो देतात, ती पूर्ण आंबवल्यावर फिकी पडतात आणि मागे कडवटपणा राहतो. म्हणजे या जातीची सगळी श्रीमंती साखरेबरोबर टिकते, आणि साखर गेली की ओसरते. लिनालूल आपल्या धन्यांच्या तेलातही मुख्य घटक असतो, त्यामुळे मराठी नाकाला मोस्कातोमध्ये काहीतरी ओळखीचे सापडते, असा माझा अनुभव आहे. इथले लोक मात्र त्यात सेजच्या पानांचा आणि पीचचा वास शोधतात.

पूर्वी हे थांबवणे मोठे जिकिरीचे काम होते. रस कापडी पिशव्यांतून पुन्हा पुन्हा गाळत, म्हणजे यीस्ट आणि तिचे खाद्य दोन्ही कमी होऊन आंबणे मंदावे. तरीही उन्हाळा लागला की बाटल्यांत ते पुन्हा सुरू होई आणि बाटल्या फुटत. कार्लो गांच्या यांनी १८६५ मध्ये कानेल्ली गावी मोस्कातोची फसफसणारी वाइन शॅम्पेनच्या पद्धतीने केली, पण बाटलीत साखर ठेवून आंबवणे म्हणजे धोका कायमच होता. आस्तीच्या वाइन संशोधन केंद्राचे संचालक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये दाब सहन करणाऱ्या मोठ्या बंद टाकीत आंबवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे फ्रान्समध्ये युजेन शार्मा यांनी तिच्यात सुधारणा केल्या, आणि आज बरेच लोक ती शार्मा यांच्याच नावाने ओळखतात. श्रेय आधी मार्तिनोत्तींना दिले पाहिजे, असे इथे राहून मला ठामपणे वाटू लागले आहे.

आता काढणी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. रस लगेच शून्य अंशाच्या आसपास थंड करून ठेवतात आणि वर्षभर मागणी येईल तसा थोडा थोडा आंबवतात, म्हणजे प्रत्येक वेळी ताजी वाइन बाहेर पडते. कानेल्लीजवळच्या एका उत्पादकाकडे मी टाकीच्या नळातून आंबण्याच्या दोन टप्प्यांवरची वाइन चाखली. पहिला पेला नुसता गोड रसासारखा, जाडसर. दुसरा, ५ टक्के अल्कोहोलच्या जवळ आलेला, एकदम हलका आणि नाकाला झणझणीत. त्याच संध्याकाळी टाकीचे तापमान उतरवून आंबणे थांबवणार होते, आणि तिथला तंत्रज्ञ अर्ध्या-अर्ध्या तासाने साखरेचा आकडा वहीत लिहीत होता. एक दिवस उशीर झाला असता तर वाइन वेगळ्याच जातीची झाली असती.

मोस्कातो दास्ती आणि ‘आस्ती स्पुमांते’ यांत गल्लत करू नये. दोन्ही एकाच द्राक्षाच्या, दोन्हींना १९९३ पासून डीओसीजी आहे. पण स्पुमांतेमध्ये अल्कोहोल अधिक आणि दाब पुष्कळ, म्हणून तिला तारेने बांधलेले बूच. मोस्कातो दास्तीमध्ये दाब अडीच बारच्या वर जात नाही आणि बूच साधे असते. माझी पसंती निःसंशय दुसरीला.

—

मंजिरी

माहिती उत्तम आहे, परंतु एका मुद्द्यावर मला विरोध नोंदवायचा आहे. सगळीच इटालियन गोड वाइन थोर असते, असा सूर लेखात जाणवतो. फ्लोरेन्सला जेवणानंतर आम्हाला व्हिन सांतो दिली. सोबत बदामाची कडक बिस्किटे होती आणि ती वाइनमध्ये बुडवून खायची, असे वाढप्याने सांगितले. वाइनला जुन्या कपाटाच्या पॉलिशसारखा वास होता आणि बिस्किटाशिवाय ती घशाखाली उतरलीच नाही. ज्या वाइनला बिस्किटाचा आधार लागतो, तिला मोठी वाइन का म्हणावे?

—

रानवारा

मंजिरीताई, तुमचा विरोध रास्त आहे आणि व्हिन सांतोच्या बाबतीत तो मला बराच मान्य आहे. इथे द्राक्षाच्या जातीचा मुद्दा उलट बाजूने सिद्ध होतो. तोस्कानाची त्रेब्ब्यानो तोस्कानो ही जात सुगंधाच्या बाबतीत फार गरीब. तिच्या जोडीला माल्वाझिया घालतात ती थोडी सुवास देते. म्हणून तिथे जवळजवळ सगळी चव पिंपातून घडवावी लागते. सुकवलेल्या द्राक्षांचा रस ‘कारातेल्ली’ नावाच्या छोट्या पिंपांत भरतात, वर थोडी मोकळी जागा सोडतात आणि पिंपे मोहोरबंद करून छपराखालच्या माळ्यावर तीन वर्षे किंवा त्याहून अधिक ठेवतात. तळाशी आधीच्या वाइनचा दाट साका असतो, त्याला ‘माद्रे’ म्हणतात. उन्हाळ्यात माळा तापला की आंबणे सुरू होते, हिवाळ्यात थांबते. मध्ये कोणी पिंप उघडून पाहत नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पिंपांतून एक अप्रतिम आणि एक बिघडलेली वाइन निघू शकते. पॉलिशचा वास हा हवा आणि जिवाणूंमुळे तयार होणाऱ्या द्रव्यांचा. तो थोडा असला तर खोली देतो, जास्त झाला तर दोषच. पर्यटकांच्या खानावळीत बहुतेक ठिकाणी स्वस्त लिकोरोझो वाढतात, हेही खरे.

बिस्किट बुडवण्याविषयी मात्र माझे मत कडक आहे. चांगल्या व्हिन सांतोत ‘कांतुच्ची’ बुडवू नयेत. दहा वर्षे माळ्यावर राहिलेल्या वाइनला अक्रोडाचा, अंजिराचा आणि जळत्या साखरेचा जो वास येतो, तो बिस्किटाच्या पिठात हरवतो. बिस्किट आधी खावे, वाइन नंतर घ्यावी.

—

सह्यकडा

दोन व्यावहारिक शंका. घरात मधुमेहाचे रुग्ण आहेत, तेव्हा अशा वाइनच्या एका पेल्यात साखर किती जाते? आणि मराठी जेवणात ही वाइन कुठे बसते? पुरणपोळीबरोबर छान लागेल, असा माझा अंदाज आहे.

—

मंजिरी

साखरेचे मी सांगते. मोस्कातो दास्तीमध्ये लिटरला १२० ग्रॅमच्या आसपास साखर धरली तर १०० मिलिलिटरमध्ये १२ ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच-तीन चमचे. पास्सितोमध्ये त्याहून जास्त असू शकते, पण तिचा पेला लहान, ५०-६० मिलिलिटरचा असतो. घरातल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण साखरेबरोबर अल्कोहोलचाही औषधांवर परिणाम होतो.

पुरणपोळीला मात्र माझी असहमती. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन लगेच आंबट आणि पातळ लागते. बासुंदी, गुलाबजाम, पुरणपोळी या सगळ्यांनी माझ्या तोंडी वाइनची चव मारली. अळूवडी मात्र आश्चर्यकारक लागते, कारण तिच्यात चिंच, गूळ आणि तिखट तिन्ही आहेत आणि मोस्कातोमध्ये अल्कोहोल कमी असल्यामुळे तिखट भडकत नाही. कोथिंबीर वडीलाही तिची संगत चांगली. वर लिनालूलचा उल्लेख आला आहे, त्याचाच हा परिणाम असेल का?

—

पो_काठ

मंजिरीताई, धन्यांमुळे तसे होत असावे असे मलाही वाटते. नाताळात इथे मोस्कातो पानेत्तोनेबरोबर घेतात, तो केकही फार गोड नसतो. पास्सितोबरोबर गोर्गोंझोलासारखे खारट निळे चीज ठेवून पाहावे; मीठ आणि गोडवा एकमेकांना उचलून धरतात.

पिकोलितबाबत मात्र मी रानवारा यांच्याइतका उत्साही नाही. तिची किंमत बहुतांशी दुर्मिळतेची आहे. अर्ध्या बाटलीला जे पैसे पडतात, तेवढ्यात कालूझोची एर्बालुचे पास्सितो घेऊन थोडे पैसे उरतात. एर्बालुचे ही आमच्या तोरिनोच्या उत्तरेकडची जात. सव्हॉयच्या ड्यूकचे सराफ ज्योवान बात्तिस्ता क्रोचे यांनी १६०६ मध्ये तिची नोंद केली आहे. उन्हाकडची मण्यांची बाजू तांबूस होते, आंबटपणा शेवटपर्यंत टिकतो, आणि म्हणूनच तिच्यापासून ड्राय, फसफसणारी आणि पास्सितो अशा तिन्ही वाइन चांगल्या होतात. गोड वाइनसाठी आम्लता हाच कणा असेल, तर तुलना एर्बालुचेच्या बाजूने झुकते.

—

बेदाणा_शेड

चर्चा वाचून आणखी एक विचारावेसे वाटते. आमच्याकडून फार लांब नाही, अकलूजला फ्रातेल्ली वाइनरीच्या बागेत सांजोव्हेझे ही इटलीची तांबडी जात लावली आहे आणि तिची वाइन चांगली होते असे ऐकतो. मग झिबिब्बो किंवा माल्वाझिया आमच्या माळरानावर का लावू नये? आमच्याकडे शेडही तयार आहेत.

—

रानवारा

दादा, लावून पाहण्यासारखे नक्कीच आहे, पण तीन अडचणी आधी विचारात घ्याव्यात. पहिली म्हणजे आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. म्हणून तर आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतो आणि फळ जानेवारी ते मार्चमध्ये घेतो. परक्या जातीची घडनिर्मिती या चक्रात कशी होते, हे प्रत्येक जातीगणिक वेगळे असते. दुसरी अडचण फळ पिकण्याच्या काळातल्या तापमानाची. मार्चमध्ये पारा वर चढला की आम्लता झपाट्याने उतरते, आणि आम्लतेशिवाय गोड वाइन म्हणजे काकवी. त्यामुळे काढणी लवकर करून, उरलेली साखर शेडमध्ये दाट करणे, हा मार्ग आपल्याला अधिक सोयीचा पडेल, आणि तिथे तुमच्या शेडचा खरा उपयोग होईल. तिसरी अडचण गच्च घडांची. मस्कत जातींचे घड बऱ्याचदा दाट असतात. अवकाळी पाऊस आला की आतून सडतात. विरळणी करावी लागेल, आणि ती आपल्या भागातल्या मजुरांइतकी चांगली क्वचितच कोणाला येते.

माल्वाझियाबाबत सालीना बेटाचा अनुभव उपयोगी आहे. सिसिलीच्या उत्तरेला लिपारी द्वीपसमूहात हे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा किडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या, लोक देशांतराला गेले आणि माल्वाझिया थोड्या घरांपुरती उरली. १९६० च्या दशकात ब्रेशियाचे चित्रकार आणि डिझायनर कार्लो हाउनर तिथे आले, जुन्या बांधांवर पुन्हा वेली लावल्या आणि या वाइनला बेटाबाहेर बाजार मिळवून दिला. १९७३ मध्ये तिला डीओसी, म्हणजे डीओसीजीच्या खालचा दर्जा मिळाला. तिथे घड बोरूच्या चटयांवर उन्हात टाकतात आणि संध्याकाळी दव पडण्याआधी आत घेतात. माल्वाझियात कोरिंतो नेरो या काळ्या द्राक्षाचा थोडा अंश मिसळतात. तासगावच्या शेडमध्ये हे काम मनुष्यबळाच्या दृष्टीने अवघड नाही. एखाद्या वाइनरीने आधी करार केल्याशिवाय मात्र लागवड वाढवू नये, कारण ही द्राक्षे खाण्याच्या बाजारात थॉमसनच्या भावाने जाणार नाहीत.

पो_काठ, एर्बालुचेविषयी आपण म्हणता ते किमतीच्या हिशेबात मान्य. पिकोलितचा सुगंध मात्र मला दुसऱ्या कोणत्याही वाइनमध्ये मिळालेला नाही, तेव्हा तिथे मतभेद राहू द्यावा.

सह्यकडा, पेला देताना तापमानाकडे लक्ष द्यावे. मोस्कातो दास्ती फ्रिजमधून काढून लगेच, ६ ते ८ अंशांवर, आणि बाटली वर्षाच्या आत संपवावी. ती जपून ठेवायची वाइन नाही. रेचोतो आणि पांतेल्लेरियाची पास्सितो १० ते १२ अंशांवर, व्हिन सांतो त्याहून थोडी गरम. पास्सितोची अर्धी बाटली उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर सहज टिकते, त्यामुळे चार माणसांच्या घरात एकाच रात्री ती संपवण्याची घाई करण्याचे कारण नाही.